साडूचं प्रश्नचिन्ह

माझ्या साडूइतका नव्या गोष्टींचा हौशी आणि जुन्या गोष्टींचा रखवालदार माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दुसरा सापडणार नाही. घरात नवा स्विचबोर्ड बसवला, तर यानं जुनाही चालू ठेवला. ‘हात सवयीनं तिकडेच जातो रे!’ म्हणतो. मेहुणी पाहुण्यांना पाण्याआधी बटणं समजावून सांगते.

हा गृहस्थ नोकरी सांभाळून, कॉम्प्युटरवर मजकूर लिहिण्याचा एक छोटा प्रोग्राम बनवतो आणि फुकट वाटतो. त्यात शब्द शोधून बदलायची सोय आहे. तरुण मंडळी मागे लागली, की शोधताना प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘आधीचं अक्षर असेल किंवा नसेल’ असा धरा, म्हणजे ‘मुंबईत?’ लिहिलं की मुंबई आणि मुंबईत दोन्ही सापडतील. सगळीकडे असंच असतं म्हणे. साडूनं दोन दिवसांत ते करूनही टाकलं, आणि पुढे तीन महिने अडवून धरलं. कारण गोवंडीच्या एक निवृत्त शिक्षिका. बाई वस्तीतल्या मुलांसाठी प्रश्नपत्रिका काढत आणि जिथे ‘का?’ येईल तिथे ‘का? (२ गुण)’ असं एका झटक्यात घालत. साडूच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र. ‘अरे, कॉम्प्युटर काना हे वेगळं अक्षर धरतो! नव्या नियमानं काना असो-नसो, तिथला प्रत्येक क सापडणार! कमळाचं “का? (२ गुण)मळ” होईल! प्रोग्राम बंद पडला तर माणूस सावध तरी होतो. हे गुपचूप होणार. पोरांची वाट लागेल.’

‘मग बाईंना फोन कर ना,’ मी म्हटलं.

‘फोनवर कसं सांगू? घाबरतील त्या.’

शेवटी रविवारी मलाच सोबत घेऊन निघाला. बाईंनी चहा दिला. साडूनं घाम पुसत, आजाराची बातमी सांगावी तसं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

‘एवढंच? अहो, मग नवीन शिकवा ना मला. चाळीस वर्षं दर जूनला नवं पुस्तक शिकवलंय मी.’

अर्ध्या तासात बाई शिकल्या. प्रश्नचिन्हाआधी एक तिरपी रेघ द्यायची, की ते साधं प्रश्नचिन्ह राहतं. निघताना त्यांनी साडूलाच त्याच्या प्रोग्राममधली एक चूक काढून दाखवली. मी रिक्षात त्याची यथेच्छ खेचली.

नवी आवृत्ती आली. तरुण खूश, बाई खूश. पण साडूनं त्यात जुना नियमही तसाच ठेवला होता. लोकांनी आधी प्रोग्राममध्ये साठवून ठेवलेल्या शोधांना तोच लागू. त्यासाठी दुप्पट खपला होता.

‘आता कुणासाठी, यार?’ मी विचारलं. ‘बाई तर पुढे गेल्या.’

तो गॅलरीत उभा राहून समोरच्या डोंगराकडे बघत होता. ‘बाईंनी कधीतरी पत्र पाठवलं होतं, म्हणून मला कळलं. जे कधीच काही कळवत नाहीत, तेही वापरत असतील ना रे?’

टोमणा अगदी जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.