वृंदाचं बत्तीस बोअर

वृंदा कावासेच्या हातात पहिलं रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, आणि ते तिला नको होतं. म्हणजे रिव्हॉल्व्हर हवं होतं. पण ते नको होतं.

ही १९९२ सालची गोष्ट. माझे यजमान तेव्हा कोबेच्या विद्यापीठात संशोधन करत होते आणि आमचा रविवार बहुतेक सदानंदकाकांकडे जायचा. वृंदा त्यांची एकुलती एक मुलगी. सदानंद मयेकर मूळचे मालवणचे, मालवाहू जहाजावर फिटर. सदुसष्ट साली जहाज दुरुस्तीसाठी सहा आठवडे कोबे बंदरात अडकलं. तेवढ्यात गोदीच्या उपाहारगृहातल्या फुमिको कावासेंशी त्यांची ओळख झाली. जहाज गेलं, काका राहिले, आणि गोदीतल्याच एका वर्कशॉपमध्ये कामाला लागले.

तेव्हा जपानात मुलाला नागरिकत्व मिळायचं ते बापाकडून. त्यामुळे कोबेत जन्मलेली, जपानी आईची मुलगी वृंदा कागदोपत्री सोळा वर्षं परदेशी होती. सोळाव्या वर्षी परदेशी माणसांना बोटांचे ठसे द्यावे लागत. नेमका त्याच वर्षी कायदा बदलून आईकडूनही नागरिकत्व मिळायला लागलं होतं. ठशांसाठी बोलावणं येण्याआधीच ही मुलगी एकटी कचेरीत गेली आणि नागरिकत्वाचा कागद टेबलावर ठेवून आली. आडनाव आईचं घेतलं. नाव मात्र बदलायला तयार झाली नाही. कचेरीतल्या बाईंनी सुचवलं, एखादं सोपं जपानी नाव घे, लोकांना ‘वृंदा’ म्हणता येत नाही. ही म्हणाली, "शिकतील."

अठराव्या वर्षी ती शेजारच्या प्रांताच्या पोलीस दलात भरती झाली. चार वर्षं तिने कोबानमध्ये, म्हणजे नाक्यावरच्या चौकीत काढली. हरवलेल्या सायकली, रस्ता चुकलेले म्हातारे, शाळेसमोरची वाहतूक. चौकीतल्या पुरुषांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असायचं, हिच्या कमरेला शिट्टी आणि दंडुका. त्या दलात बायकांना हत्यार देत नसत. ब्याण्णवच्या वसंतात परदेशी पाहुण्यांच्या बायकांना संरक्षण द्यायला आठ पोलीस बायकांची तुकडी काढायचं ठरलं. साध्या कपड्यांत राहायचं, जाकिटाच्या आत हत्यार बाळगायचं. वृंदाची निवड झाली.

नेमबाजी शिकवायला मोरिता-सान होते. पन्नाशीचे, शांत, वीस वर्षं हेच शिकवत आलेले. त्यांनी आठ जणींपुढे आठ डबे मांडले.

"तुमच्यासाठी मुद्दाम हलकी मागवली आहेत," ते म्हणाले. "आखूड नळी, हलका धातू. पर्समध्येसुद्धा मावतात. गोळी मात्र सगळ्यांना मिळते तीच, अडतीस बोअरची."

वृंदाने उचललं तेव्हा ते खरंच टेनिसच्या चेंडूंच्या डब्याइतकं हलकं वाटलं. पण पहिली गोळी सुटली आणि ते हातातून जिवंत मासळीसारखं उसळलं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली. तिसऱ्या गोळीपासून आवाज व्हायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. पाच गोळ्यांपैकी दोन कागदावर लागल्या, तीन कुठे गेल्या कोण जाणे. इतर सात जणींचंही तेच.

मोरिता-सान म्हणाले, "हरकत नाही. तुम्हाला ते झाडायची वेळ येणारच नाही. जवळ असलं की पुरे."

"झाडायचं नसेल तर देता कशाला?" वृंदाने विचारलं.

बाकीच्या जणी जमिनीकडे बघायला लागल्या. तिथे असं कोणी विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज केला: मला पुरुषांना देता तेच द्या. ते मिळालं. पोलादी, जड, पाच गोळ्यांचं. जड असल्यामुळे धक्का कमी बसायचा, पण मूठ जाड होती. तिच्या बोटाचं जेमतेम टोक चापापर्यंत पोचायचं. चाप पूर्ण ओढायचा तर मनगट वाकडं व्हायचं आणि गोळी डावीकडे जायची. तरी हिने हट्ट सोडला नाही. महिनाभर, जेवढी काडतुसं मिळत तेवढी ती झाडत राहिली. बेचक्यातली जखम भरायची आणि पुन्हा फाटायची.

अशाच एका रविवारी ती घरी आली. काकांनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिथला साबा म्हणजे आपला बांगडाच. वृंदा डाव्या हाताने जेवायला लागली तेव्हा काकांनी तिचा उजवा हात ओढून बघितला.

"हे काय गो?"

"काही नाही. सराव."

हळूहळू तिने सगळं सांगितलं. हलकं रिव्हॉल्व्हर, मग जड, मग मूठ.

"हलकं जास्त उसळतं, ते बरोबर," काका म्हणाले. "हातोडी हलकी घेतली की झणका आपल्या हाताला. पण हे दुसरं का धरून बसलीस?"

"पुरुषांना तेच देतात."

"त्यांचे हात त्यांचे."

वृंदाने काटा ताटात टाकला. ती चिडली की जपानी बोलायची, पण त्या दिवशी मराठीतच बोलली. "म्हणजे बाबा, तुम्हीपण तेच म्हणताय? बायकांना झेपत नाही?"

"झेपत नाही असं मी कुठे म्हटलं? बसत नाही म्हणालो. तुला त्यांच्यासारखं दिसायचंय की नेम मारायचाय?"

ती उठून गॅलरीत गेली. फुमिकोकाकू तिच्यामागे निघाल्या, तर काकांनी हातानेच थांबवलं. पंधरा मिनिटांनी वृंदा आत आली. गार झालेला भात संपवला आणि हात पुढे केला. "माप घ्या."

काकांनी कॅलिपर आणून तिच्या तळव्याची रुंदी घेतली, बोटांची लांबी घेतली. मग ओक लाकडाचा एक ठोकळा कानशीने घासून तिच्या मुठीचा आकार काढून दिला. नुसता ठोकळा. तो रुमालात गुंडाळून ती घेऊन गेली.

दलाच्या शस्त्रागारात जुन्या काळची, साध्या वेशातल्या पोलिसांना द्यायची काही पोलादी रिव्हॉल्व्हरं तेल लावून ठेवलेली होती. बत्तीस बोअरची. नळी हलक्या अडतीसइतकी आखूड, वजन जवळपास पोलादी अडतीसएवढं, पण काडतूस लहान. दारू कमी, म्हणून धक्का कमी. शिवाय गोळ्या सहा मावायच्या. वृंदाने त्यातलं एक सरावापुरतं मागून घेतलं. शस्त्रागारातल्या म्हाताऱ्या कारागिराने लाकडी ठोकळा उलटसुलट करून पाहिला, "कोणी केलं?" एवढंच विचारलं, आणि परवानगीचा कागद आल्यावर त्या मापाने मूठ बारीक करून दिली.

बोटाचं पेर चापावर नीट बसलं. पहिली गोळी सुटली तेव्हा नळी थोडीशी वर आली आणि आपोआप जागेवर उतरली. डोळे उघडे होते. तिने मला नंतर सांगितलं, "ताई, मला पहिल्यांदाच कळलं की गोळी सुटताना समोर काय दिसतं."

पण खरं भांडण इथून पुढे होतं. पुरुष सहकारी त्या रिव्हॉल्व्हरला ‘शिवणयंत्र’ म्हणायला लागले. मोरिता-सानसुद्धा म्हणाले, "बत्तीसची गोळी हलकी. अडतीसएवढा तिचा मार नाही."

"माहीत आहे," वृंदा म्हणाली. "पण चुकलेल्या अडतीसचा मार किती?"

ड्यूटीवर हेच वापरू द्या, हा तिचा अर्ज वरिष्ठांनी फेटाळला. सगळ्या दलाला एकच काडतूस, दोन प्रकार सांभाळणार कोण? त्याबरोबर आठ जणींना एक छापील कागद आला. ज्यांना अडतीस बोअर जमत नाही त्यांनी स्वखुशीने हत्याराविना काम करायला संमती द्यावी. सात जणींनी सही केली. त्यांची चूक नव्हती, कोणाला घरी लहान मूल होतं, कोणाला बदलीची भीती. वृंदाने कोरा कागद परत पाठवला आणि सोबत स्वतःचं पत्र जोडलं: मला जमत नाही असं कोणी ठरवलं? परीक्षा घ्या.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "कावासे-सान, तुमच्या एकटीसाठी नियम वाकवायचा?"

"वाकवू नका. नेम बघायचा असेल तर कागदावरची भोकं बघा."

परीक्षा झाली ती मोरितांमुळे. बाकी काही असो, माणूस न्यायाचा होता. त्यांनीच अटी लिहिल्या. जाकिटाच्या आतून हत्यार काढायचं, सात मीटरवर, चार सेकंदांत पाच गोळ्या. आधी अडतीस, मग बत्तीस. पाहायला पंधरा-वीस जण जमले होते.

अडतीसच्या पाच गोळ्या कागदावर लागल्या, पण मधल्या वर्तुळात दोनच. मागून कोणीतरी हसलं. मग बत्तीस. पाचच्या पाच वर्तुळात, आणि वेळ सव्वातीन सेकंद. मग मोरितांनी स्वतःचं अडतीस काढलं. त्यांच्याही पाच आत लागल्या, वेळही जवळपास तीच. वीस वर्षं मुरलेला हात होता तो. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्या कागदाकडे पाहिलं, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: ‘हत्यार या व्यक्तीला योग्य. मंजुरी द्यावी.’

मंजुरीला चार महिने लागले. तोपर्यंत तिला चहा-पाण्याच्या आणि फाइली लावायच्या कामावर ठेवलं होतं. तिने फाइली लावल्या, अर्ज मागे घेतला नाही. त्याच दिवसांत सहीवाल्यांपैकी दोघी दुपारी येऊन विचारून गेल्या, आम्हाला एकदा झाडून बघता येईल का?

त्र्याण्णवच्या शरदात एका परदेशी मंत्र्याची पत्नी मोत्यांचं दुकान बघायला आली. वृंदा तिच्या डाव्या हाताला दोन पावलं मागे चालत होती. भर दुपार, दुकानाबाहेर बघ्यांची गर्दी. एक चाळिशीचा माणूस गर्दीतून पुढे आला. हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं तेव्हा आत मासे कापायची सुरी दिसली. वृंदाने डाव्या हाताने बाईंना दारामागे ढकललं आणि उजव्या हाताने रिव्हॉल्व्हर काढलं.

"टाक ती सुरी!"

तो चार मीटरवर थांबला. एक पाऊल पुढे टाकलं. ती हलली नाही, नळीही हलली नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग सुरी फरशीवर पडली आणि तो स्वतःच गुडघ्यांवर बसला. बाकीच्यांनी त्याला धरलं.

 

हत्यार काढलं की तिथे चौकशी व्हायचीच. तीन दिवस तीन अधिकारी तिला तेच ते विचारत होते. किती अंतर, किती सेकंद, आधी ओरडलात की आधी काढलंत. शेवटी त्यांच्यातला एक म्हणाला, "तो अंगावर आला असता, तर त्या लहानशा गोळीने थांबला असता का?"

वृंदाने दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले.

"ते मला सांगता येणार नाही. पण गोळी कुठे लागली असती ते सांगता येतं. आणि त्याच्या मागे शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली उभ्या होत्या. मोठी गोळी माझ्याकडून कुठे गेली असती तेही मला सांगता येतं. हलकं, पर्समधलं दिलं होतंत ना, त्याने काय झालं असतं तेही सांगू?"

 चौथ्या दिवशी तिला एक पत्र मिळालं. हत्यार काढण्याआधी पुरेसा इशारा न दिल्याबद्दल समज. हत्यार परत देण्यात येत आहे. खाली तिची सही हवी होती. तिने सही केली आणि शेजारी लिहिलं: ‘इशारा दिला होता. तेवढाच वेळ होता. पुन्हा असंच करीन.’ कारकून म्हणाला, इथे असं लिहीत नाहीत, कागद बदलून देतो. तिने तोच कागद त्याच्याकडे सरकवला आणि हत्याराच्या वहीत नंबर तपासून घेतला.

मग सिलिंडर उघडून सहा गोळ्या भरल्या, जाकीट घातलं, आणि दुपारची ड्यूटी होती म्हणून रेल्वे स्टेशनकडे चालायला लागली.