सही न करणारे भावोजी

माझे एक चुलत दीर पनवेलला असतात. पहिला घास तोंडात जायच्या आधीच त्यांना आमटीत मीठ कमी लागतं. गणपतीत घरी आले की पंख्यापासून पायरीपर्यंत सगळ्याला नावं ठेवतात. त्यामुळे रेवदंड्याजवळची आमची सामाईक वाडी विकायचं ठरलं, तेव्हा खोडा घालतील ते हेच, अशी सगळ्यांची खात्री होती.

सातबाऱ्यावर आम्ही चौघं. तिघं मुंबई-पनवेलकडे, वाडीतल्या घरात राहणारी मी एकटी. मिस्टर गेले, मुलगी लग्न होऊन म्हसळ्याला गेली. घेणाऱ्याला घरासकट सगळी जागा हवी होती, कारण घरच रस्त्याला लागून. मला घर सोडायचं नव्हतं. पण इतकी वर्षं चौघांच्या घरात मी फुकट राहिले, वाडीतले नारळ खाल्ले, आता नाही कुठल्या तोंडाने म्हणू? वाट्याचे पैसे घेऊन मुलीकडे जायचं, असं मनाशी ठरवून टाकलं. जावयाच्या दारात म्हातारपण काढायच्या विचाराने मात्र जीव नुसता कासावीस व्हायचा.

बैठक आमच्याच पडवीत झाली, घेणाराही आला होता. बाकीचे हो म्हणाले, मीही मान हलवली. भावोजी म्हणाले, "माझी सही होणार न्हाय. घर इकलं तर गणपती कुठं बसवायचा?"

आरती चालू असताना बाहेर विडी ओढत बसणारा हा माणूस! पण आमच्या भाऊबंदांचा सगळ्यांचा मिळून एकच गणपती, तोही याच घरात बसतो. मुंबईच्या मोठ्या दिरांनी सुचवलं, पुढच्या वर्षीपासून मुंबईला नेऊ. "न्हेऊन बघा," भावोजी म्हणाले, आणि चहात साखर जास्त झाली म्हणून माझ्यावरच घसरले.

घेणारा उठून गेला. मोठ्या दिरांनी भावोजींशी बोलणंच टाकलं. बरेच महिने गेले आणि तोच घेणारा परत आला. मागची वाडी आणि घराच्या कडेने रस्त्यापुरती पट्टी त्याने घेतली. घर माझ्या वाट्यात धरून माझ्या एकटीच्या नावावर झालं. त्या दिवशी भावोजींनी सही केली, कचेरीतल्या पेनाला नावं ठेवत.

अलिबागहून रिक्षाने परतताना मी त्यांना छेडलं, "भावोजी, तुम्ही एवढे देवभक्त कधीपासून झालात?"

ते बाहेर बघत म्हणाले, "दादा गेला तवा मी आलो होतो, वहिनी. दिवसकार्य होईस्तो राहिलो, पण तुमच्याशी दोन शब्द बोललो न्हाय. मला तसलं बोलाय जमत न्हाय. भांडाय जमतं."

रिक्षावाला आरशातून बघत होता, तरी मी रडले. माझ्यासाठी दुसरं कोणी इतकं भांडल्याचं मला आठवत नाही.