नावाशेजारची चांदणी

सुनेला चार भाषांत हाक मारणारा सासरा अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. वडवणीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मामांनी ना शेती धरली, ना भजन. त्यांनी 'सून' हा शब्द धरला. मोबाइलवर वाचता वाचता त्यांना कळलं, की रशियनमध्ये सुनेला स्नोखा म्हणतात, बल्गेरियनमध्ये स्नाहा, झेकमध्ये स्नाखा. या साऱ्याजणी फार जुन्या स्लाव्हिक बोलीतल्या 'स्नुखा'च्या लेकी, आणि आपली सून त्यांची मावसबहीण. तेव्हापासून सकाळी "स्नोखाबाई, च्या टाका" आणि संध्याकाळी "स्नाहाबाई, भाकरी झाली का?" एकदा आठवडी बाजारात शेळीवाल्याला थांबवून त्यांनी हे खानदान पुरं ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, "गुरुजी, शेळी घेता का जाऊ?"

'स्नुखा' लिहिताना मामा आधी एक चांदणी काढत. तो शब्द कुठेच लिहिलेला सापडत नाही; लेकींच्या तोंडवळ्यावरून पंडितांनी आई ताडली, त्याची ती खूण. "चांदणी म्हंजे," मामा सांगत, "व्हता, पक्का व्हता. कुणी लिवून ठिवला न्हाई, एवढंच."

यंदा धारूरकडच्या आमच्या मूळ गावी, देवळात वंशावळीचा दगड बसवायचं भावकीनं ठरवलं. कागदावर सात पिढ्या, सगळे पुरुष. मामांनी बैठकीत विचारलं, "सुना कुठं हायेत?"

त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "वंशावळीत बायका कावून लावायच्या? तुझं लई झालं आता."

"मग माझं बी नाव नको," असं म्हणून मामांनी पेन काढलं आणि स्वतःचं नाव खोडलं. त्यामुळे माझा नवरा कागदावर बिनबापाचा अधांतरी लटकला. लोक हसले. मामा हसले नाहीत. पुढं आठ दिवस ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना आज्या-पणज्यांची नावं विचारत घरोघर फिरले. दगड बसवायच्या दिवशी नैवेद्याची वेळ आली, तेव्हा थोरल्या भावाच्या बायकोनं शिजलेल्या डाळीचं पातेलं झाकून ठेवलं. "आदी माझं नाव लिवा. मग पुरण." बाकीच्या जावाही हात बांधून बसल्या. देवाला उपाशी ठेवायची छाती भावकीत कुणाची नव्हती. कारागिराला नवा दगड सांगावा लागला.

आता वरच्या चार पिढ्यांत प्रत्येक नावाशेजारी नुसती चांदणी आहे. त्या बायकांची नावं मामांनाही मिळाली नाहीत, आणि ते त्यांना फार लागलं. खाली माझ्या सासूबाईंचं नाव आहे. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. मामा देवाच्या आधी त्या अक्षरांवर हात ठेवतात. परवा मी सोबत होते, तर खालच्या ओळीतल्या माझ्या नावाकडे बोट करून म्हणाले, "हितं चांदणी न्हाई, बग."

दगड बसल्यापासून ते मला फक्त माझ्या नावानं हाक मारतात. त्यांच्याच हट्टानं कोरलेलं नाव, तक्रार कशी करू? पण सकाळी चहाचं आधण ठेवलं, की त्या स्नोखाबाईची मला फार आठवण येते.