हवेत दाखवलेलं दुखणं

माझी थोरली जाऊ नवसाबाई, आमची अक्का, म्हणजे मुलखाची मुकी. आम्ही दोघी दिवसभर शेजारी झेंडू तोडतो, पण ही दहा शब्द बोलेल तर शपथ. वर्षभर छातीत डावीकडं दुखत होतं, दम लागत होता, तेही मीच खोदून खोदून काढून घेतलं. शेवटी ओढत नेलं इंदिरानगरच्या एका दवाखान्यात.

"कुठे दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं. ही पदर धरून खाली बघत बसली, मग मीच बोलले. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नये, तेच आपल्याला होतं, असं आमच्यात मानतात. म्हणून अक्का समोर उभी आहे असं धरून मी हवेत बोट दाखवलं. तिची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला आली, आणि डॉक्टरांनी लिहिलं, उजवी.

छातीचा फोटो आला, त्यात हृदय उजवीकडं आणि डावीकडं एक पांढरा डाग. "उलटा लावलाय," म्हणत डॉक्टरांनी तो फिरवला. आता हृदय डावीकडं आलं आणि डाग उजवीकडं गेला, माझ्या बोटाशी जुळला. म्हणाले, छातीत पाणी झालंय, सुईनं काढू.

उजव्या बरगडीवर पेनानं खूण केली. सुई ही एवढी लांब. मी म्हटलं, "अहो, दुखतंय डावीकडं, तुम्ही टोचताय कुठं?" ते चिडले, मी त्यांच्याहून चिडले. मला गप्प करायला म्हणून त्यांनी खुणेवर कानातली तपासायची नळी टेकवली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सुई त्यांनी खाली ठेवली.

"हृदय इथे आहे," एवढंच म्हणाले. आणि फोटो परत पहिल्यासारखा फिरवला, तो आधी सरळच लागला होता.

मोठ्या तपासणीत कळलं, हृदय, यकृत, पोट, सगळं जन्मापासून उलट्या बाजूला. आणि डावीकडं पाणी नव्हतंच, फुफ्फुसाला चिकटलेली जन्माचीच गाठ होती. असं दोन्ही एका माणसात क्वचितच सापडतं म्हणे. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून गाठ काढली.

घरी आल्यावर मी भांडलेच. "अक्का, खूण भलतीकडं करत होते, तुम्ही गप का बसल्या?"

"तू सांगितलं होतं ना त्यान्ला. वाटलं, तिकडूनच काढत असतील."

"आणि धडधड उजवीकडं होती, ते?"

"ती ल्हानपणापासून तिकडंच हाय," अक्का म्हणाली. "मला वाटलं, समद्या बायांची तिकडंच असती."

मला रडू आलं. वीस वर्षं शेजारी फुलं तोडली, पण तिच्या जिवाचं मीही कधी विचारलं नव्हतं.