अप्पांची खालची टाकी

अप्पांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, पाणसळ असे. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते ती टेबलावर नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत आणि एक डोळा मिटून बुडबुडा कुठं थांबतो ते बघत. माझं लग्न झालं तेव्हा आम्ही हौसेनं घेतलेल्या डायनिंग टेबलावर त्यांनी ती ठेवली आणि पाहुण्यांसमोर निकाल दिला, "स्टेशनकडे झुकलंय." बायकोनं त्यांना सरबत दिलं, पण जरा जोरातच ठेवलं.

विलेपार्ल्यात आमच्या समोरच्या दारात अप्पा आणि माई राहत. अप्पा मूळचे कुडाळकडचे, मरोळच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हतं, मासे होते. त्या वर्षांत आमच्याकडे हॉलमध्ये काचेची टाकी ठेवायची साथच आली होती. टाकी गळू लागली, मासे उलटे तरंगू लागले, की लोक अप्पांना बोलवत. अप्पा जात, पण आधी ऐकवत आणि मग हात लावत. रागावले की ते मालवणीत शिरत. "मासे मरनत नाय, तुम्ही त्यांका मारतास." यावर माई मागून म्हणायच्या, "जगात एकटे हेच शहाणे. माझ्या आमटीलासुद्धा पाणसळ लावतील."

त्याच माईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अख्खा मजला ज्यांच्या बोलण्यानं जागा असायचा, त्यांच्या तोंडून हुंकारही निघेना. अप्पांनी मोठी टाकी त्यांच्या खाटेसमोर आणली आणि शेजारी आपली खुर्ची ठेवली. माई तासन्‌तास एंजल मासे बघत. पण टाकीत फिल्टरचा डबा होता, नळ्या होत्या, आणि दर रविवारी ते साफ करायला अप्पांचा हात खांद्यापर्यंत पाण्यात जाई. तो आत गेला की माई डोळे मिटून घेत. अप्पांनी ते पाहिलं आणि ठरवलं, वर फक्त मासे. बाकी सगळं खाली, टाकीच्या स्टँडमधल्या कपाटात, दुसऱ्या छोट्या टाकीत. बाहेरच्या देशात त्याला संप म्हणतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं.

ती छोटी टाकी निवडण्यात पावसाळा गेला. मी मदत म्हणून आमचा तांदळाचा प्लास्टिकचा डबा घेऊन गेलो. त्यांनी तो बायकोला परत करायला सांगितला. काच हवी, म्हणजे घाण कुठं साचते ते दिसतं. कपाटात मावायला हवी, आणि वर हात घालून फोम पिळता येईल एवढी जागाही राहायला हवी. आत काचेच्या पट्ट्या लावून तीन कप्पे केले: वरून नळीनं पाणी पडेल तिथं फोम, मग खडी, आणि शेवटी पाणी पुन्हा वर चढवणारी कूलरची मोटर. हे सगळं झाल्यावर अप्पांनी टाकी निम्मीच भरली. मी विचारलं तेव्हा त्यांनी सविस्तर सांगितलं की वीज गेली, मोटर थांबली, की नळ्यांतलं आणि वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी खाली येतं, त्याला जागा लागते. मी जोरजोरात मान हलवली. लक्ष मात्र कांदाभज्यांच्या ताटलीकडे होतं.

एकदा अप्पांना पेन्शनच्या कामासाठी फोर्टात जायचं होतं. मला माईंजवळ बसवून आणि माशांना चिमूटभर खाणं घालायला सांगून ते गेले. मी कपाट उघडून बघितलं. टाकी अर्धी रिकामी. म्हटलं, म्हाताऱ्याच्या हातून राहिलेलं दिसतंय. दोन बादल्या आणून काठोकाठ भरली आणि कृतार्थ होऊन पेपर उघडला. तेवढ्यात वीज गेली.

पाणी कपाटातून निघालं ते खाटेखाली. मी टॉवेल घेऊन धावलो, पाय सटकला, आणि मोरीतली बादली सोबत घेऊन सपशेल आडवा झालो. दारातून खालच्या पेडणेकर वहिनी विचारत होत्या, "काय रे, धरण बांधताय का? माझ्या पंख्यातून गळतंय." आणि खाटेवरून एक आवाज आला. माई हसत होत्या. वाकड्या तोंडानं, खरखरीत, पण हसत होत्या. वहिनी उंबऱ्यातच रडू लागल्या.

अप्पा आले तेव्हा शिव्या खायच्या तयारीनं मी सगळं सांगितलं. शिव्या आल्या नाहीत. "मोठ्यानं हसली?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना आधी खाली जाऊन सांगितलं, पंख्याखाली बादली ठेवा. मग वर येऊन स्वतःच्या हातानं खालची टाकी काठोकाठ भरली आणि मोटरची पिन काढली. आयुष्यात ज्यांच्या टाकीतून थेंब सांडला नाही ते अप्पा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, घरभर पसरणाऱ्या पाण्यात उभे राहून खाटेकडे बघत होते. माईंनी पाण्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. चांगला हात उचलून, फरशी पुसा, अशी खूण केली. अप्पा पुसू लागले. मी दुसरं फडकं घेतलं.

दिवाळीच्या आधी माई गेल्या. त्यानंतर अप्पांनी मासे वाटून टाकले आणि कुडाळला जायचं ठरवलं. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी लागायला वेळ होता. मी नेहमीसारखी बडबड करत होतो. ते ऐकत नव्हते.

"तू नेमका कसा पडलास रे?" त्यांनी मधेच विचारलं.

मी सांगायला लागलो. ते म्हणाले, "सांगू नको. दाखव."

मी स्टँडवर, लोकांच्या बोचक्यांमध्ये, पाय सटकवून पडून दाखवलं. लोक हसले. अप्पा हसले नाहीत. वाकून, एकटक बघत होते.

"आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"तुमच्या खुर्चीच्या बाजूला," मी धूळ झटकत म्हटलं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, जराशी जागा बदलून, खाट जिथं असती तिथं उभे राहिले आणि म्हणाले, "आता परत पड."