मामीची नक्कल

आमच्या धावड्यात थेटर नव्हतं, पण मामी होती. उन्हाळ्यात शेवया करायला बाया जमल्या की कुणीतरी म्हणायचंच, "करा की ओ एकदा." लगेच मामी पिठाच्या हातांनीच मामा व्हायची. मामाला फोनवर ओरडायची भारी सवय. समोरच्यानं फोन ठेवला तरी याचं आपलं चालूच, "हॅलो, ऐकून राह्यला ना? बराबर?" मामी ते असं करायची की बाया पोट धरून लोळायच्या. शेवटी ती ओसरीकडे तोंड करून थांबायची. तिथून मामा हटकून ओरडायचा, "मी असा बोलतो का?" अगदी त्याच आवाजात! मंग काय, शेवयांचं वाटोळं.

मामा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मामीनं कुणाचीच नक्कल केली नव्हती. तिचं ते गप्प बसणं मला बघवेना. यंदा हट्टानं तिला पुण्याला आणलं आणि एका संध्याकाळी कॉमेडी क्लबात घेऊन गेले. तळघरातली खोली, पन्नासेक खुर्च्या, एक माईक. मामी कुजबुजली, "पडदा न्हाई, काई न्हाई, हे कसलं गं थेटर?"

माईकवरचा पोरगा पुढच्या रांगेतल्या लोकांची फिरकी घेत होता. "आजी, तुम्ही कुठून आलात?" शहरातली माणसं अशा वेळी हसून मान खाली घालतात. मामीला वाटलं, पोरगं आपुलकीनं विचारतंय. पदर सावरून उभीच राहिली. "धावड्याची. भोकरदन तालुका. तू जेवला का रे बाबा? लई वाळला." खोलीत हशा! मी तिचा पदर ओढला, "बस की गं मामी!"

पोरगं रंगात आलं. "आणि आजोबांना कुठे सोडून आलात?"

झालं! त्या मेल्याचा गळाच धरावा असं वाटलं मला. पण त्याला तरी काय माहीत?

मामीनं हात कानाला लावला आणि जोरात ओरडली, "हॅलो! धावड्याहून बोलून राह्यलो! न्हाई, ती पुण्याला गेली! मी जेवलो, बिलकुल जेवलो! हॅलो? ऐकून राह्यला ना? बराबर?"

लोक खुर्च्यांवर हात आपटून आपटून हसले. मामी मात्र बसेना. दाराकडे तोंड करून थांबली. हशा ओसरला, तरी उभीच. लोकांना वाटलं, अजून काही बाकी आहे. ती कशासाठी थांबलीय, ते तिथं एकट्या मलाच ठाऊक होतं.

मग मीच ओरडले, "मी असा बोलतो का?" आवाज फाटला, निम्मं रडूच बाहेर पडलं.

मामी वळली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं, आणि डोळे भरलेले.

"तुला न्हाई जमत," ती म्हणाली. "ते त्यायलाच जमायचं."

आणि खाली बसली.