मीटर न लावता लिहिलेले अडीच व्होल्ट

विदर्भातल्या विज्ञान शाखेच्या पालकांनो, आपण कॉलेजची फी भरतो, क्लासची भरतो, आणि आपल्या मुलांची जर्नलं मात्र प्रयोग न करताच पूर्ण होतात. हे आपल्या सगळ्यांच्या घरातलं दुखणं आहे. ते किती खोल गेलंय, हे बघायला मला इंग्लंडला जावं लागलं.

माझी भाची मृणाल नरखेड तालुक्यातली. नागपुरात सक्करदऱ्याला माझ्याकडे राहून तिने बारावी केली. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण! गेल्या वर्षी ती उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगला गेली. पहिलं सत्र संपायच्या आतच तिचा फोन आला.

"मावशी, मी खोटं रीडिंग लिहिलं असं म्हणून राहिले हे लोक. काढून टाकतीन मले!"

तिच्या वडिलांकडे पासपोर्ट नाही, आणि संत्र्याची तोडणी ऐन भरात. माझा मागच्या इंग्लंड सहलीचा व्हिसा शिल्लक होता. मी निघाले.

नागपूरहून दोहा, तिथून मँचेस्टर, पुढे रेल्वे. रेल्वेचं तिकीट आधीच काढून ठेवा, ऐनवेळी खिडकीवर फार महाग पडतं. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं आणि त्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. टोपीचं जाकीट न्या. वसतिगृहात फोडणी देण्याआधी खिडकी उघडा. नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि सगळी पोरं थंडीत खाली येऊन उभी राहतात. आमच्या झुणक्याने ती उभी केली.

जेवताना मी विचारलं, "मीटर लावलाच नाही?"

"नाही न वं. दोन सारखे रेझिस्टर, पाच व्होल्ट. मधात निम्मे, अडीचच येतीन. तं लिहिलं."

"बाकीच्यांचं किती आलं?"

"सव्वादोनच्या आसपास. त्यांच्यापेक्षा माहंच बरोबर होतं!"

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या समितीपुढे सुनावणी. सोबत एक माणूस चालतो, पण त्याने बोलायचं नाही. हाती आलेला माईक मी सहसा सोडत नाही. त्या खोलीत ओठ मिटून बसले.

प्राध्यापिकेने विचारलं, "हा आकडा कुठून आणलास?"

मृणालने सरळ सांगितलं, "हिशोब करून लिहिला. आमच्याकडे तर वरच्या वर्गाचं जर्नल मिळतं. त्यातून उतरवतात. उत्तर जुळलं की गुण."

प्रयोग न करता गुण मिळतात, हे समितीला पटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

मग त्यांनी तेच सर्किट आणि काट्याचा मीटर तिच्यापुढे ठेवला. तिने तारा लावल्या. काटा अडीचच्या अलीकडे थांबला. मीटर बिघडलाय समजून तिने तारा काढून पुन्हा लावल्या. काटा तिथेच.

"काहून?" तिच्या तोंडून निघालं. मग तिने तेच "का?" इंग्रजीत विचारलं.

प्राध्यापिका म्हणाली, मीटर स्वतःही थोडा प्रवाह ओढतो, म्हणून रीडिंग कमी येतं. तेवढंच शिकवायला हा प्रयोग होता.

त्या प्रयोगाला शून्य, लेखी ताकीद. मृणाल शिकत राहणार.

परतीच्या विमानात माझा संताप मावत नव्हता. "काहून?" हा प्रश्न विचारायची अक्कल या पोरीत आधीपासून होती! दोन वर्षं तिला आपण काट्याजवळ जाऊ दिलं नाही. प्रयोगशाळेला कुलूप, मीटर खोक्यात, आणि वर पूर्ण गुण! खोटा आकडा लिहायला तिला शिकवलं कोणी? शिकवायचा पगार घेणाऱ्यांनी. आणि "जर्नल कम्प्लीट झालं का?" एवढंच विचारणाऱ्या घरांनी. परदेशात आपल्या मुलांचा अपमान होतो म्हणून आपण गळे काढतो. अपमान तर इथेच होतो, रोज, गुण देऊन.

घरासमोर बॅगा उतरवत होते, तर शेजारचे काका आले.

"ताई, तिकडं जर्नल कोणापासून भेटते? आमचा पोरगाही चालला न पुढल्या वर्षी."

भर रस्त्यात माझा आवाज चढला. काका अजून रागावलेत. रागावू द्या.

पालकांनो, येत्या पालकसभेत गुणपत्रिका बाजूला ठेवा. उभे राहा, प्रयोगशाळा उघडायला लावा आणि आपल्या मुलाला आपल्या डोळ्यांसमोर एक रीडिंग घ्यायला सांगा. त्याने ते घेतल्याशिवाय खाली बसू नका.